मलिकेन यांची विद्युतऋणता : आयनीभवन ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन आसक्ती यांच्या सरासरीचा इतिहास

प्रस्तावना

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या अकार्बनी रसायनशास्त्रात विद्युतऋणतेच्या तीन-चार मापश्रेणी शिकविल्या जातात. त्यांत लायनस पॉलिंग यांची श्रेणी प्रथम येते. तिच्यामागोमाग रॉबर्ट मलिकेन यांची व्याख्या दोन ओळींत सांगितली जाते : अणूची आयनीभवन ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन आसक्ती यांची बेरीज करून तिला दोनने भागावे, उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये असेल तर त्याला पुन्हा २.८ ने भागले की पॉलिंग यांच्या श्रेणीतील आकड्याच्या जवळपासचा आकडा मिळतो. त्यानंतर फ्लुओरीन किंवा क्लोरीन यांचे एखादे उदाहरण सोडविले जाते आणि विषय पुढे सरकतो.

हेच गणित इतर मूलद्रव्यांसाठी करून पाहिले तर मात्र विचित्र निष्कर्ष हाती येतात. कार्बनची आयनीभवन ऊर्जा ११.२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि इलेक्ट्रॉन आसक्ती १.२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, सरासरी ६.२६ येते. हायड्रोजनसाठी हे आकडे अनुक्रमे १३.६० व ०.७५ असून सरासरी ७.१८ येते. म्हणजे हायड्रोजन कार्बनपेक्षा अधिक विद्युतऋण ठरतो. ऑक्सिजनची सरासरी ७.५४ आणि ब्रोमीनची ७.५९, म्हणजे ब्रोमीन ऑक्सिजनच्या वर जातो. पॉलिंग यांच्या श्रेणीत कार्बन २.५५ व हायड्रोजन २.२०, तसेच ऑक्सिजन ३.४४ व ब्रोमीन २.९६ असा क्रम आहे. कार्बनी रसायनशास्त्राचा बराचसा भाग कार्बन-हायड्रोजन बंधाच्या ज्या ध्रुवीयतेवर उभा आहे, तीच या गणितात उलटते.

मलिकेन यांचे सूत्र चुकीचे होते, असे यावरून म्हणता येणार नाही. ज्या निबंधात त्यांनी हे सूत्र मांडले त्याच्या शीर्षकातच संयुजा-अवस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. सरासरी कोणत्या अवस्थेतील अणूची घ्यावयाची, हा त्या निबंधाचा निम्माअधिक विषय होता. पुढील काळात सूत्र पाठ्यपुस्तकांत राहिले आणि अट गळून पडली. हे कसे घडले, आणि सुमारे पन्नास वर्षांनंतर ती अट जाणीवपूर्वक बाजूला सारून तेच सूत्र नव्या अर्थाने पुढे कसे आले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मलिकेनपूर्व विचार

मूलद्रव्यांची विद्युतीय स्वभावानुसार क्रमवारी लावण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. आमेदेओ आव्होगाद्रो यांनी १८०९ मध्ये अम्लता व अल्कता यांच्या सापेक्ष क्रमाचा विचार मांडला. १८११ च्या सुमारास बर्झेलियस यांनी मूलद्रव्यांची विद्युतऋण व विद्युतधन अशी विभागणी केली. त्यांच्या यादीत ऑक्सिजन एका टोकाला होता. त्यांच्या द्वैतवादी उपपत्तीनुसार प्रत्येक संयुग म्हणजे धन व ऋण घटकांची जोडी होती. १८३० च्या दशकाच्या अखेरीस द्यूमा यांनी ॲसिटिक अम्लातील हायड्रोजनच्या जागी क्लोरीन आणून दाखविला आणि तरीही मिळालेला पदार्थ अम्लच राहिला. तेव्हा द्वैतवादाचा पाया खचला. तथापि शब्द टिकला, आणि रसायनशास्त्रज्ञांच्या बोलण्यात तो एक गुणात्मक जाण म्हणून शंभर वर्षे वावरत राहिला.

त्याला संख्या दिली ती पॉलिंग यांनी, १९३२ मध्ये. दोन भिन्न अणूंमधील बंधाची ऊर्जा ही त्या अणूंच्या स्वजातीय बंधांच्या ऊर्जांच्या सरासरीपेक्षा जितकी अधिक असते, तितकी ती बंधाच्या आयनिक अंशामुळे येते, असे त्यांनी मानले. ही अधिक ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजली असता ती विद्युतऋणतांमधील फरकाच्या वर्गाइतकी धरावी, हे त्यांचे गृहीतक होते. यातून केवळ फरक मिळतो, शून्यबिंदू मिळत नाही. १९३२ च्या मूळ तक्त्यात हायड्रोजनला शून्य आणि फ्लुओरीनला २.०० हे मूल्य होते. कार्बन २.५ व फ्लुओरीन ४.० ही परिचित मांडणी नंतरची, सोयीसाठी सरकविलेली आहे. शिवाय या संख्येचे एकक ऊर्जेचे वर्गमूळ असे येते, आणि त्याला भौतिक अर्थ काय, हा प्रश्न पॉलिंग यांच्या हयातीतही अनेकांनी विचारला.

१९३४ चा युक्तिवाद

मलिकेन यांचा जन्म १८९६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूबरीपोर्ट येथे झाला. त्यांचे वडील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये कार्बनी रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२८ पासून मलिकेन शिकागो विद्यापीठात होते. रेणूंच्या वर्णपटांवरून त्यांची इलेक्ट्रॉनी रचना उलगडणे हा त्यांचा मुख्य उद्योग. ‘ऑर्बिटल’ हा शब्द १९३२ मध्ये त्यांनीच रूढ केला. पॉलिंग यांचा संयुजा-बंध सिद्धांत आणि मलिकेन यांचा रेण्वीय कक्षक सिद्धांत यांच्यातील स्पर्धा त्या दशकात रंगात आली होती.

अशा पार्श्वभूमीवर मलिकेन यांचा १९३४ मधील युक्तिवाद काहीसा आश्चर्यकारक वाटतो, कारण तो प्रतिपक्षाच्या भाषेत मांडलेला आहे. ‘क’ आणि ‘ख’ या दोन अणूंचा बंध घ्यावा. या बंधात दोन आयनिक रूपे संभवतात : एकात ‘क’ धन व ‘ख’ ऋण, दुसऱ्यात याच्या उलट. पहिले रूप तयार होण्यासाठी ‘क’ची आयनीभवन ऊर्जा खर्च करावी लागते आणि ‘ख’ची इलेक्ट्रॉन आसक्ती परत मिळते. दुसऱ्यासाठी ‘ख’ची आयनीभवन ऊर्जा खर्च होते आणि ‘क’ची आसक्ती मिळते. विरुद्ध भारांमधील आकर्षण दोन्ही रूपांत सारखेच धरले, तर ही दोन रूपे समान ऊर्जेची केव्हा होतील? ‘क’ची आयनीभवन ऊर्जा उणे ‘ख’ची आसक्ती ही ‘ख’ची आयनीभवन ऊर्जा उणे ‘क’ची आसक्ती याबरोबर असेल तेव्हा. पदे इकडची तिकडे केली की प्रत्येक अणूचे स्वतंत्र राशिमूल्य एकेका बाजूला येते : ‘क’ची आयनीभवन ऊर्जा अधिक ‘क’ची आसक्ती, आणि तसेच ‘ख’चे. ही बेरीज ज्या अणूची जास्त, त्याच्याकडे इलेक्ट्रॉन झुकणार.

या युक्तिवादाचे सौंदर्य असे की, जोडीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर एकेकट्या अणूच्या गुणधर्मांत मिळते. पॉलिंग यांना प्रत्येक वेळी बंध लागतो. मलिकेन यांना लागत नाही. शिवाय उत्तर ऊर्जेच्या एककात येते आणि शून्यबिंदू मनाने ठरवावा लागत नाही. मलिकेन यांनी या राशीला विद्युतऋणता असे न म्हणता निरपेक्ष विद्युत्-आसक्ती या अर्थाचा शब्द वापरला. आपल्या सरासऱ्यांमधील फरक २.७८ ने भागले असता ते पॉलिंग यांच्या फरकांशी बऱ्यापैकी जुळतात, हेही त्यांनी दाखविले. पाठ्यपुस्तकांतील २.८ हा आकडा तेथून आला. पुढील वर्षी, १९३५ मध्ये, त्यांनी हाच विचार रेण्वीय कक्षकांच्या भाषेत पुन्हा मांडला आणि द्विध्रुव परिबलांशी त्याचा संबंध जोडला.

संयुजा-अवस्था : गळून पडलेली अट

बंध करणारा कार्बनचा अणू आणि वर्णपटात एकटा दिसणारा कार्बनचा अणू हे एकाच अवस्थेत नसतात. एकट्या अणूच्या मूळ अवस्थेत बाह्य कवचातील दोन इलेक्ट्रॉन एस-कक्षकात आणि दोन पी-कक्षकांत असतात. मिथेनमध्ये मात्र चार सारखे बंध आहेत आणि अणूचे चार इलेक्ट्रॉन चार संकरित कक्षकांत वाटले गेले आहेत, असे मानावे लागते. संयुजा-अवस्था ती हीच. ती वर्णपटात थेट दिसणारी अवस्था नव्हे. अनेक वर्णपटीय अवस्थांची योग्य त्या प्रमाणात सरासरी घेऊन तिची ऊर्जा काढावी लागते. ‘क’ आणि ‘ख’ यांच्यात बंध होत असताना इलेक्ट्रॉन जातो किंवा येतो तो या अवस्थेतील कक्षकातून. म्हणून मलिकेन यांच्या युक्तिवादात बसणारी आयनीभवन ऊर्जा व आसक्ती याच अवस्थेच्या असल्या पाहिजेत. १९३४ च्या निबंधाचा मोठा भाग या मूल्यांच्या आकडेमोडीनेच भरलेला आहे.

या अटीने किती फरक पडतो ते जुर्गेन हिंझे आणि एच. एच. जॅफी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांवरून कळते. कार्बनच्या चतुष्फलकीय संकरित कक्षकासाठी त्यांनी आयनीभवन ऊर्जा १४.६१ आणि आसक्ती १.३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट अशी काढली. सरासरी ७.९८ येते. मूळ अवस्थेत जाणारा इलेक्ट्रॉन पी-कक्षकातला असतो. संकरित कक्षकात एक चतुर्थांश अंश एस-कक्षकाचा आला, आणि एस-कक्षकातील इलेक्ट्रॉन केंद्रकाशी अधिक घट्ट बांधलेला असल्यामुळे ऊर्जा वाढली. हायड्रोजनपाशी मात्र बंधासाठी एकच कक्षक आहे, त्यामुळे त्याचे ७.१८ हे मूल्य बदलत नाही. कार्बन पुन्हा हायड्रोजनच्या वर येतो, आणि प्रस्तावनेत उल्लेखिलेला विरोधाभास नाहीसा होतो. ऑक्सिजनच्या बंधकक्षकाला एस-कक्षकाचा अंश दिला की तोही हॅलोजनांमधील आपल्या नेहमीच्या जागी, म्हणजे क्लोरीन व ब्रोमीन यांच्या वर, जाऊन बसतो.

हिंझे आणि जॅफी यांच्या तक्त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. कार्बनच्या त्रिकोणी संकरित कक्षकासाठी आयनीभवन ऊर्जा १५.६२ व आसक्ती १.९५, तर रेषीय संकरित कक्षकासाठी १७.४२ व ३.३४ अशी मूल्ये येतात. पॉलिंग यांच्या श्रेणीत रूपांतर केल्यावर चतुष्फलकीय, त्रिकोणी व रेषीय कार्बनची मूल्ये अनुक्रमे २.४८, २.७५ आणि ३.२९ होतात. ॲसिटिलीनमधील हायड्रोजन इथेनमधील हायड्रोजनपेक्षा कितीतरी अधिक अम्लधर्मी का, या जुन्या प्रश्नाला येथे संख्यात्मक उत्तर मिळते. विद्युतऋणता ही अणूची नव्हे तर त्या अणूच्या विशिष्ट कक्षकाची असते, असे यावरून म्हणावे लागते. एका मूलद्रव्याला एकच आकडा, ही पॉलिंग यांच्या तक्त्याने लावलेली सवय मलिकेन यांच्या मूळ कल्पनेत बसत नाही. (हे रूपांतर केवळ भागाकाराने होत नाही; एच. ओ. प्रिचर्ड आणि एच. ए. स्किनर यांनी १९५५ मध्ये दिलेल्या संबंधानुसार आधी ०.६१५ वजा करून मग ०.३३६ ने गुणावे लागते. २.८ ने भागणे हे सोयीचे स्थूलीकरण होय.)

मग ही अट गळाली कशी? याचे एक कारण उघड आहे. संयुजा-अवस्थेची मूल्ये काढण्यासाठी वर्णपटीय अवस्थांचे तक्ते आणि बरीच आकडेमोड लागते; मूळ अवस्थेची मूल्ये कोणत्याही पुस्तकाच्या परिशिष्टात मिळतात. दुसरे कारण असे की, ज्या हॅलोजनांवर हे सूत्र प्रथम पडताळले जाते त्यांच्यात अट वगळली तरी क्रम बिघडत नाही. मूळ अवस्थेच्या आकड्यांनी फ्लुओरीन ३.७२, क्लोरीन २.९६, ब्रोमीन २.७१ आणि आयोडीन २.४१ अशी मूल्ये मिळतात. ती पॉलिंग यांच्या ३.९८, ३.१६, २.९६ व २.६६ या मूल्यांपेक्षा सातत्याने पाव एककाच्या आसपास कमी आहेत, पण उतरण तीच आहे. उदाहरण म्हणून हॅलोजनच घेतले जाते, ते याचमुळे. त्या उदाहरणाने सूत्राचा भरवसा पटतो आणि सूत्राची मर्यादा झाकली जाते.

दुसरी राशी मोजण्याचा प्रश्न

मलिकेन यांच्या सूत्रातील दोन राशींचा इतिहास सारख्या गतीने पुढे गेला नाही. आयनीभवन ऊर्जा वर्णपटावरून मिळते : अणूच्या वर्णरेषांची मालिका जेथे दाटत जाऊन संपते, ती सीमा म्हणजेच इलेक्ट्रॉन सुटण्याची ऊर्जा. १९३२ मध्ये रॉबर्ट बाकर आणि सॅम्युएल गाउडस्मिट यांनी अणूंच्या ऊर्जापातळ्यांचे संकलन प्रसिद्ध केले तेव्हा अनेक मूलद्रव्यांची ही ऊर्जा उत्तम अचूकतेने ठाऊक होती. ऋण आयनांची गोष्ट वेगळी. त्यांतील जादा इलेक्ट्रॉन इतका सैल बांधलेला असतो की, उत्तेजित स्थिर पातळ्यांची तशी मालिकाच तेथे आढळत नाही. वर्णपटाचा राजमार्ग त्यामुळे बंद होता.

म्हणून आडवाटेने जावे लागले. १९१९ मध्ये माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी मांडलेल्या ऊर्जाचक्रात क्षाराची निर्मिती-उष्णता, धातूची बाष्पीभवन-उष्णता, आयनीभवन ऊर्जा, हॅलोजन रेणूची बंधविच्छेद ऊर्जा आणि गणिताने काढलेली स्फटिकजाल ऊर्जा घातली की उरते ती इलेक्ट्रॉन आसक्ती. प्रयोगाची वाटही निघाली होती. १९३० मध्ये जोसेफ मायर यांनी अल्क-धातूच्या हॅलाइडाच्या तप्त बाष्पाचे आयनांत होणारे विगमन मोजून तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग दाखविला. उष्णतेने होणाऱ्या आयनीभवनाचे समीकरण १९२० मध्ये देणारे मेघनाद साहा हे त्या दशकात अलाहाबाद विद्यापीठात होते. क्षारांच्या तप्त बाष्पावरून क्लोरीनची इलेक्ट्रॉन आसक्ती ठरविण्याचे प्रयोग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे केले. ताऱ्यांच्या वातावरणासाठी जन्मलेला विचार येथे प्रयोगशाळेतील भट्टीत उतरला.

ऊर्जाचक्राच्या वाटेत एक खड्डा होता, तो फ्लुओरीनच्या बाबतीत उघडा पडला. फ्लुओरीन रेणूची बंधविच्छेद ऊर्जा सुमारे ६३ किलोकॅलरी प्रतिमोल आहे, अशी १९३० व १९४० च्या दशकांत समजूत होती. क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन यांच्या बंधांच्या उतरत्या क्रमाकडे पाहता ती स्वाभाविकही वाटे. चक्रात हा आकडा घातला की फ्लुओरीनची आसक्ती ४.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येई, म्हणजे क्लोरीनपेक्षा जास्त, आणि सर्व काही ओळीने लागे. १९५० च्या सुमारास असे आढळले की हा बंध प्रत्यक्षात पुष्कळ दुबळा आहे. त्याची ऊर्जा सुमारे ३७ ते ३८ किलोकॅलरीच आहे. बंधविच्छेद ऊर्जेचा निम्मा भाग एका अणूच्या वाट्याला येत असल्याने आसक्तीत तेरा किलोकॅलरींची, म्हणजे सुमारे ०.५६ इलेक्ट्रॉन व्होल्टची घट झाली. फ्लुओरीन आसक्तीत क्लोरीनच्या खाली आला. लहान अणूत जादा इलेक्ट्रॉनला इतर इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण अधिक सोसावे लागते, हे आज वर्गात सहज दिले जाणारे स्पष्टीकरण या दुरुस्तीनंतरचे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मलिकेन यांची श्रेणी पॉलिंग यांच्या श्रेणीहून स्वतंत्र असल्याने दोहोंचा मेळ बसणे हा दोहोंचा पडताळा होय, असे सर्रास म्हटले जाते. तत्त्वतः ते खरे आहे. परंतु ऊर्जाचक्राने काढलेल्या हॅलोजनांच्या आसक्तीत हॅलोजन रेणूची बंध ऊर्जा आधीच शिरलेली होती, आणि तीच बंध ऊर्जा पॉलिंग यांच्या गणितातही होती. स्वातंत्र्य पूर्ण नव्हते. अर्थात या चुकीचा मलिकेन यांच्या मूल्यावर फारसा परिणाम झाला नाही. फ्लुओरीनची आयनीभवन ऊर्जा १७.४२ आहे, आसक्ती ४.१ धरली तर सरासरी १०.७६ आणि आजची ३.४० धरली तर १०.४१ येते. पॉलिंग यांच्या श्रेणीत हा फरक जेमतेम ०.१२ इतका होतो. बेरजेत मोठा वाटा आयनीभवन ऊर्जेचाच असल्यामुळे आसक्तीतील चूक पचून जाते. हा सूत्राचा गुण मानावा, तर दोषही मानावा लागेल : ज्या राशीमुळे हे सूत्र निव्वळ आयनीभवन ऊर्जेच्या क्रमापेक्षा वेगळे ठरते, तिचेच वजन त्यात सर्वांत कमी आहे.

आसक्तीचे थेट मापन अखेर प्रकाशाने शक्य झाले. ऋण आयनांच्या झोतावर प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन कोणत्या ऊर्जेला सुटतो ते पाहण्याचे काम लुइस ब्रॅन्सकोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९५० च्या दशकात केले. ऑक्सिजनचे विश्वसनीय मूल्य त्यातून मिळाले. आर. स्टीफन बेरी आणि कर्ट रायमान यांनी १९६३ मध्ये हॅलोजनांची मूल्ये दिली. त्यांचा क्लोरीनचा ३.६१ हा आकडा आजही तसाच आहे. लेसर आल्यावर अचूकता कित्येक पटींनी वाढली, आणि १९७५ मध्ये एच. होटॉप व डब्ल्यू. सी. लाइनबर्गर यांचे संकलन प्रसिद्ध झाले. म्हणजे १९३४ च्या व्याख्येला लागणारी सामग्री नीट उपलब्ध होण्यास चाळीस वर्षे लागली. त्या काळात पॉलिंग यांचा तक्ता, आणि १९५८ नंतर ऑलरेड व रोचो यांचा, वर्गावर्गांत भिंतीवर लागला होता.

सरासरीला मिळालेला नवा अर्थ

बेरीज पुरेशी असताना दोनने भागावयाचे कशासाठी? १९३४ च्या युक्तिवादापुरते पाहिले तर भागाकार आवश्यक नव्हता. क्रम बेरजेनेही तोच लागतो. या ‘दोन’ला खरा अर्थ १९६१ मध्ये मिळाला. आर. पी. इक्झकोव्स्की आणि जॉन मार्ग्रेव्ह यांनी अणूची ऊर्जा ही त्यातील इलेक्ट्रॉनांच्या संख्येनुसार कशी बदलते त्याचा आलेख विचारात घेतला. एक इलेक्ट्रॉन कमी असतानाचा, उदासीन अणूचा आणि एक जास्त असतानाचा असे तीन बिंदू माहीत आहेत. त्यांतून अन्वस्त काढला तर उदासीन बिंदूवरील उतार बरोबर आयनीभवन ऊर्जा व आसक्ती यांच्या सरासरीइतका येतो. विद्युतऋणता म्हणजे इलेक्ट्रॉनसंख्येच्या संदर्भात ऊर्जेचा ऋण उतार, अशी व्याख्या त्यांनी केली. एन. के. सँडरसन नव्हे तर आर. टी. सँडरसन यांनी १९५१ मध्ये मांडलेले समीकरणाचे तत्त्व, म्हणजे संयुग होताना अणूंच्या विद्युतऋणता समान होतात हे तत्त्व, या चित्रात सहज बसते. उतार समान झाले की इलेक्ट्रॉनाला वाहण्याचे कारण उरत नाही.

हा विचार १९६८ मध्ये गिफ्टोपौलोस आणि हात्सोपौलोस यांनी ऊष्मागतिकीच्या अंगाने रासायनिक विभवाशी जोडला. निर्णायक पाऊल १९७८ मध्ये पडले. रॉबर्ट पार, डोनेली, लेव्ही व पाल्के यांनी घनता-फलनक सिद्धांताच्या चौकटीत दाखविले की, इलेक्ट्रॉनी रासायनिक विभवाचे चिन्ह बदलले की जी राशी मिळते तीच विद्युतऋणता होय, आणि मलिकेन यांची सरासरी हे तिचे सुलभ अंदाजमूल्य होय. १९८२ मध्ये पर्ड्यू, पार, लेव्ही व बाल्डुझ यांनी त्यात एक बारकावा आणला. काटेकोरपणे पाहता हा आलेख अन्वस्त नसून सरळ रेषांचा तुटक आलेख असतो. उदासीन बिंदूच्या एका बाजूला उतार आयनीभवन ऊर्जेइतका आणि दुसऱ्या बाजूला आसक्तीइतका असतो, त्या बिंदूवर एकच एक उतार नसतोच. मलिकेन यांची सरासरी म्हणजे या दोन उतारांचा मध्य. अन्वस्त गेला, सरासरी राहिली.

१९८३ मध्ये पार आणि राल्फ पिअर्सन यांनी याच आलेखाची वक्रता म्हणून निरपेक्ष कठिणतेची व्याख्या दिली : आयनीभवन ऊर्जेतून आसक्ती वजा करून येणाऱ्या फरकाचा निम्मा. ‘कठीण’ व ‘मृदू’ अम्ले आणि अल्के ही पिअर्सन यांची १९६३ ची गुणात्मक कल्पना तिच्यामुळे संख्येत आली. येथे अध्यापनातील एका गमतीदार अडचणीचा उल्लेख अस्थानी ठरणार नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आसक्तीऐवजी इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी दिलेली असून फ्लुओरीनसाठी ती उणे ३२८ किलोजूल प्रतिमोल अशी ऋण चिन्हाने येते. विद्यार्थी ते चिन्ह तसेच सूत्रात घालतो तेव्हा बेरजेची वजाबाकी होते आणि फ्लुओरीनचे उत्तर १०.४१ ऐवजी ७.०१ येते. हे उत्तर चुकीचे खरे, पण निरर्थक नाही. ती फ्लुओरीनची कठिणता होय.

या नव्या पर्वात भारतीय संशोधकांचा वाटा लक्षणीय आहे. पुणे विद्यापीठात पुढे दीर्घकाळ काम केलेले श्रीधर गद्रे यांनी पार व बार्टोलोटी यांच्यासमवेत १९७९ मध्ये घनता-फलनक सिद्धांतावर निबंध लिहिला. हैदराबाद विद्यापीठातील के. डी. सेन यांनी योर्गेनसेन यांच्यासह १९८७ मध्ये विद्युतऋणतेवरील निबंधांचा खंड संपादित केला. पार आणि प्रतिम चट्टराज यांनी १९९१ मध्ये महत्तम कठिणतेच्या तत्त्वाची सिद्धता मांडली, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल यांच्या गटाने स्थानिक मृदुतेवर आधारित निर्देशांक विकसित केले.

एक सूत्र, दोन प्रश्न

पिअर्सन यांनी १९८८ मध्ये दिलेला निरपेक्ष विद्युतऋणतेचा तक्ता मूळ अवस्थेतील मूल्यांवर आधारलेला आहे. त्यात हायड्रोजन ७.१८, कार्बन ६.२७, ऑक्सिजन ७.५४, ब्रोमीन ७.५९, क्लोरीन ८.३० असे आकडे आहेत. म्हणजे मलिकेन यांची अट येथेही नाही. पण ती विस्मरणाने गेलेली नाही. रासायनिक विभव हा मूळ अवस्थेचाच गुणधर्म असल्याने पार-पिअर्सन यांच्या व्याख्येत संयुजा-अवस्थेला स्थानच नाही. शिवाय ही व्याख्या अणूंपुरती मर्यादित राहत नाही. रेणू, आयन, मूलके यांनाही ती लावता येते, आणि एक संपूर्ण रेणू दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देईल की घेईल, हा प्रश्न तिला विचारता येतो.

लेलँड ॲलन यांना हे मान्य नव्हते. १९८९ मध्ये त्यांनी मूळ अवस्थेतील मुक्त अणूच्या संयुजा-इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा हीच विद्युतऋणता, अशी स्वतःची वर्णपटीय श्रेणी मांडली. तीत इलेक्ट्रॉन आसक्तीला जागा नाही, आणि एस व पी हे दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन मोजले जात असल्यामुळे संकरणाचा प्रश्न निराळ्या मार्गाने सुटतो. क्लोरीनला ऑक्सिजनच्या वर बसविणारी राशी रसायनशास्त्रज्ञांच्या अर्थाने विद्युतऋणता नव्हेच, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. १९९० मध्ये दोघांनीही आपापली बाजू विस्ताराने लिहिली. पिअर्सन यांचे उत्तर असे की, पॉलिंग यांची राशी आणि निरपेक्ष विद्युतऋणता या दोन भिन्न राशी असून त्यांचे उपयोगही भिन्न आहेत. बंधाची ध्रुवीयता सांगणे हे दुसरीचे काम नव्हे.

ॲलन यांचा आक्षेप नावापुरता योग्य वाटतो आणि पिअर्सन यांचे उत्तर आशयापुरते. एकच शब्द दोन प्रश्नांना लावल्याने हा वाद उद्भवला : बंधात इलेक्ट्रॉन कोणाकडे झुकेल, आणि दोन स्वतंत्र प्रणाली जवळ आल्या असता इलेक्ट्रॉन कोणाकडून कोणाकडे वाहील. पहिल्या प्रश्नासाठी मलिकेन यांचे सूत्र वापरावयाचे तर मूल्ये संयुजा-अवस्थेची हवीत. दुसऱ्यासाठी मूळ अवस्थेची चालतात, किंबहुना तीच हवीत, पण मग उत्तराला २.८ ने भागून ते पॉलिंग यांच्या तक्त्याशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. पदवीच्या प्रचलित मांडणीत मूल्ये दुसऱ्या प्रश्नाची, भागाकार पहिल्या प्रश्नाचा आणि उदाहरण क्लोरीनचे, असा संकर झालेला आढळतो. क्लोरीनबरोबर ऑक्सिजनचेही उदाहरण फळ्यावर सोडविले, तर १३.६२ आणि १.४६ यांच्या बेरजेतून २.६९ हे उत्तर येते, पॉलिंग यांच्या तक्त्यात ३.४४ दिसते, आणि ऑक्सिजनचा तो इलेक्ट्रॉन नेमक्या कोणत्या कक्षकातून काढला, हा १९३४ चा प्रश्न वर्गात आपोआप उभा राहतो.